नाकारलेल्यांची भिशी

गिरिजा इंगवलेची फाउंड्री पडद्यावर तिसऱ्यांदा बुडाली, तेव्हा तिने खुर्ची आणखी पुढे ओढली.

"परत लाव," ती म्हणाली.

"गिरिजे, कितीदा बघशील? दरवेळी बुडणारच आहे," डॉ. यास्मिन तांबोळी म्हणाली. "स्वतःचा तेरावा असा परत परत कोण बघतं?"

"आपण मेलोच नाही असा ज्याला संशय असतो, तो बघतो. लाव."

कोल्हापुरातल्या राज्य नवउद्योग निधीच्या छायागृहात दोघी बसल्या होत्या. बाहेर एप्रिलचं ऊन भाजत होतं आणि आत यास्मिन शाल गुंडाळून होती. तो गारठा माणसांसाठी नव्हताच. तो होता पलीकडच्या काचेमागे गुणगुणणाऱ्या छायायंत्रासाठी.

छायायंत्र म्हणजे काय, ते राज्यातल्या कुठल्याही लहान कारखानदाराला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. राज्यातल्या प्रत्येक छोट्या उद्योगाची हुबेहूब नक्कल, म्हणजे छायाउद्योग, या यंत्रात चालायचा. तिथे छायाभट्ट्या पेटायच्या, छायाकामगार रजा मागायचे, छायाग्राहक बिलं थकवायचे. कुणी निधीकडे भांडवल मागितलं की यंत्र त्याच्या छायेला दहा वर्षं पुढे पळवायचं. एकदा नाही, लाखो वेळा, दरवेळी परिस्थिती थोडी बदलून. शंभरातल्या किती खेपांना उद्योग तगला, तो त्याचा भवितव्यांक. साठच्या वर असेल तर सरकार पैसे गुंतवणार. खाली असेल तर रामराम.

गिरिजाचा भवितव्यांक होता चार.

दोघी सांगलीच्या कॉलेजात हॉस्टेलच्या एकाच खोलीत राहिलेल्या. यास्मिन गणिताकडे वळली आणि हे यंत्र घडवणाऱ्यांमध्ये जाऊन बसली. गिरिजा धातुशास्त्र शिकून वडिलांच्या भाड्याच्या शेडमध्ये परतली आणि वाळूच्या मागे लागली. फाउंड्रीत साचा बनवायचा तर वाळूचे कण एकमेकांना चिकटवावे लागतात. त्यासाठी जे रसायन वापरतात, त्याचा धूर सगळ्या गल्लीला खोकायला लावतो, आणि एकदा वापरलेली काळी वाळू टाकायला जागा सापडत नाही. गिरिजाने वाळूला एक जीवाणू पाजला. हा जीवाणू कणांच्या मधल्या फटीत चुन्याचे स्फटिक वाढवतो. दोन दिवसांत साचा दगडासारखा. ओतकाम झालं की आंबट पाणी ओता, साचा विरघळतो, आणि वाळू पुन्हा नव्यासारखी. तिने नाव ठेवलं होतं स्वसंधी वाळू.

यात एक खोट होती आणि गिरिजा ती कुणापासून लपवत नव्हती. वितळलेलं लोखंड लागतं तिथे चुना फुटतो, वायू सुटतो आणि ओतलेल्या वस्तूत, म्हणजे कास्टिंगमध्ये, भोकं पडतात. दहातली चार कास्टिंग्ज भंगारात जायची.

"म्हणून बुडते का मी? भोकांमुळे?" तिने विचारलं.

"ते बघायला यंत्र सावकाश चालवावं लागेल."

"मग चालव की. मी मरते कशी, एवढं तरी मला कळू दे."

यास्मिनने वेग कमी केला. पडद्यावरची छायागिरिजा बँकेत गेली. बँक नाही म्हणाली. छायागिरिजा पंप बनवणाऱ्या ग्राहकाकडे गेली. त्याने ऑर्डर मागे घेतली. मग कोळसावाल्याने उधारी बंद केली, दोन चांगले ओतारी दुसरीकडे गेले, आणि जानेवारीत शेडला कुलूप लागलं. भोकांचा प्रश्न आलाच नाही. तिथपर्यंत छायागिरिजा पोचलीच नव्हती.

"थांब," खरी गिरिजा म्हणाली. "बँक नाही का म्हणाली?"

"कारण तुझा भवितव्यांक चार आहे."

"आणि तो चार का आहे?"

"कारण बँक नाही म्ह..." यास्मिन वाक्याच्या मधेच थांबली. तिने शाल खांद्यावरून काढून ठेवली. "हे बघ, यात चूक काहीच नाही. निधीचा निकाल जाहीर होतो. बँका तो वाचतात, ग्राहक वाचतात, आणि त्याप्रमाणे वागतात. यंत्राने स्वतःच्या निकालाचा परिणाम हिशेबात धरला नाही तर भाकीतच चुकेल. आम्ही मुद्दाम धरलाय तो."

"म्हणजे तुमचं यंत्र आधी माझा गळा दाबतं आणि मग म्हणतं, बघा, मी सांगितलं नव्हतं का, हिचा श्वास कोंडणार म्हणून."

"तू फार नाटकी बोलतेस."

"चारच्या जागी ऐंशी टाक आणि चालव."

"असं नाही करता येत."

"येत नाही की करायचं नाही?"

यास्मिनने तिच्याकडे रोखून बघितलं. हॉस्टेलात असं बघितलं की गिरिजा हसायची. आज हसली नाही. यास्मिनने आकडा टाकला.

छायागिरिजा बँकेत गेली. बँकेने चहा मागवला. पंपवाल्याने ऑर्डर वाढवली. दोन्ही ओतारी राहिले, तिसरा आला. पहिल्या वर्षी भोकांनी तिला रडवलं. दुसऱ्या वर्षी तिने साच्याच्या आतल्या अंगाला ग्राफाइटचा हात फिरवायला सुरुवात केली आणि भोकं निम्म्याने कमी झाली. दहाव्या वर्षी तिची वाळू चार राज्यांत जात होती. यंत्राने लाखो खेपा संपवल्या आणि आकडा दाखवला: एक्क्याऐंशी.

गिरिजाने खुर्ची मागे सरकवली.

"म्हणजे 'नाही' म्हटलं तर मी मरते आणि यंत्र बरोबर ठरतं," गिरिजा म्हणाली. "'हो' म्हटलं तर जगते, आणि यंत्र परत बरोबर."

"गणितात असतात अशी समीकरणं, ज्यांना दोन सुसंगत उत्तरं असतात," यास्मिन हळू आवाजात म्हणाली. "डोंगराच्या अगदी माथ्यावर दगड ठेवला, असं समज. या बाजूला गडगडला काय, त्या बाजूला काय, खाली जाऊन स्थिर होणारच. आपण फक्त तो कुठे थांबला ते बघतो आणि म्हणतो, याची जागा हीच होती."

"आणि पहिला धक्का कोण देतं?"

"आरंभअंदाज. म्हणजे, आधी जगलेल्या उद्योगांशी तुझं किती साम्य आहे, त्यावरून यंत्र सुरुवातीचा आकडा घेतं."

"पण माझ्यासारखं आधी कुणी केलेलंच नाही. नवं आहे ना ते."

"हो."

"म्हणजे नवउद्योग निधी मला नवी आहे म्हणून नाकारतोय."

यास्मिनने न सांगता आणखी एक खेप लावली. या वेळी निकाल कुणाला कळणारच नाही, असं धरून. पडद्यावर छायागिरिजा कधी जगली, कधी बुडली, कधी नवव्या वर्षी नाक वर काढून दहाव्यात बुडली. आकडा पन्नासच्या आसपास डोलत राहिला.

"याचा अर्थ काय?" गिरिजाने विचारलं.

"याचा अर्थ, यंत्राला तुझ्याबद्दल खरोखरचं काहीच माहीत नाही."

*

निधीच्या आयुक्त हेमलता गावित यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्या नंदुरबारच्या. आवाज कधी चढायचा नाही, आणि म्हणूनच त्यांच्यापुढे बोलताना लोक स्वतःचाही आवाज उतरवायचे. गिरिजाने उतरवला नाही.

"मॅडम, नऊ वर्षांत तुम्ही ज्यांना पैसे दिलेत त्यांतलं नवं असं एक दाखवा. पंपाचा जरा बरा पंप, कुकरचा जरा बरा कुकर. जे होतं तेच, फक्त आता जाहिरातीत."

"ते जगले," गावित म्हणाल्या. "शंभरातले सत्त्याण्णव. हा जनतेचा पैसा आहे, इंगवले. यंत्र यायच्या आधी निधी कसा वाटला जायचा, माहितेय तुम्हाला? फोनवर. मी नवीन असताना एका दूधशीतगृहाला भांडवल मिळालं होतं. तपासणीला मीच गेले. इमारत होती, पाटी होती, उद्घाटनाचा फोटो होता. म्हैस नव्हती. पंचक्रोशीत एकही नव्हती. यंत्र आलं तेव्हापासून मला एकाही पुढाऱ्याचा फोन आलेला नाही. ते मी सोडून देऊ?"

हे खरं होतं, आणि गिरिजाला ते माहीत होतं.

"मग आरंभअंदाज तरी बदला," ती म्हणाली. "मला ऐंशीपासून सुरू करा."

"तुम्हालाच का? नकार मिळालेले राज्यात हजारो आहेत. कुणाला ऐंशी द्यायचे, ते कोण ठरवणार? मी? मग फोन सुरू होतील."

गिरिजा उठताना म्हणाली, "शेडमालकाने मला मार्चअखेरपर्यंत मुदत दिलीय. तोवर भांडवल उभं राहिलं नाही तर शेड त्याला परत. तुमच्या यंत्रात लिहून ठेवा, जानेवारीत नाही बुडत मी. मार्चपर्यंत तरी नाही."

*

"म्हंजे हे यंत्र सासूबाई झालं की," अण्णा माळगे म्हणाले.

अण्णा म्हणजे शेजारची फाउंड्री. कारखान्यांनी भरलेल्या उद्यमनगरातल्या गिरिजाच्या गल्लीत सगळ्यात जुनी भट्टी त्यांची आणि सगळ्यात तिखट जीभही. "आधी म्हणायचं, सून टिकणार न्हाई. मग तिला धड जेवाय घालायचं न्हाई. मग ती म्हायारी गेली की गावभर सांगत फिरायचं, मी म्हटलं नव्हतं?"

गिरिजा हसली. यास्मिनच्या गणितापेक्षा हे सोपं होतं.

उद्यमनगरात एका शेडखाली अख्खी वस्तू कधी तयार होत नाही. एकाने ओतायचं, दुसऱ्याने लेथवर फिरवायचं, तिसऱ्याने ग्राइंडिंग करायचं, चौथ्याचा शेवटचा हात. कागद नाही, करार नाही. "जरा करून दे की," एवढं म्हटलं की काम होतं, आणि करता करता "हे असं न्हाई, असं कर" हा सल्ला फुकट मिळतो. गल्लीतली निम्मी डोकी त्या फुकटच्या सल्ल्यावर चालायची. निधीने मात्र भांडवलासोबत एक अट लावली होती: शोध सरकारच्या भागीदारीचा, म्हणून तो शेडबाहेर न्यायचा नाही. ज्यांना निधी मिळाला त्यांनी गल्लीकडचे दरवाजे बंद केले. त्यांना गल्लीची गरजही वाटली नाही. भवितव्यांक बघून बँका आणि ऑर्डरी घरपोच येत होत्या.

"अण्णा, तुमचा किती?"

"नऊ. पोकळ दातेरी चाक. आतून मधमाशीच्या पोळ्यासारखं, वजन निम्मं. तुझ्यापेक्षा पाचनं शाना हाय मी."

"मला असा पैसा पाहिजे की जो निकाल वाचत नाही," गिरिजा म्हणाली. तिच्या डोक्यात छायागृहातली ती शेवटची, निकाल कुणालाच न कळणारी खेप फिरत होती. "बँक वाचते. ग्राहक वाचतो. कोण वाचत नाही?"

अण्णांनी पानाची पिचकारी टाकली आणि सहज म्हणाले, "चिठ्ठी. भिशीची चिठ्ठी काय वाचती? ती निघती."

गिरिजा उभी राहिली. मग बसली. मग परत उभी राहिली.

पंधरवड्यात भिशी उभी राहिली आणि तिच्यासारखी भिशी कोल्हापूरने पाहिली नव्हती. आत यायला एकच पात्रता: निधीचा नकार. दर महिन्याला सगळ्यांनी सारखी रक्कम घालायची, सगळ्यांच्या चिठ्ठ्या स्टीलच्या पातेल्यात, जिची निघेल तिने सगळं न्यायचं. त्या पैशांचं काय करणार, हे विचारायचं नाही. विचारलं तर विचारणाऱ्याने सगळ्यांना मिसळ द्यायची.

लोक हसले. मग आले. सौरकुकरवाले, बॅटरीवाले, उसाच्या चिपाडापासून ताटं करणारे, तीनदा नाकारलेलं चौथ्यांदा करून बघणारे. नकारपत्राची घडी दाखवायची आणि आत जायचं. जी घडी आजवर खिशात दडवली होती, ती आता ऐटीत काढली जात होती.

पहिली चिठ्ठी अण्णांची निघाली.

अण्णांनी चिठ्ठी वाचली, मिशीवर हात फिरवला आणि ती गिरिजापुढे धरली. "हे घे. तुझी शेड जायला लागलीय. माझं चाक थांबंल."

सगळे म्हणाले, बरोबर आहे. तिनेच तर भिशी काढली. तिची वाळू खरंच चांगली आहे. तिला गरज आहे.

गिरिजाचा हात अर्धा पुढे गेला होता. तिला ती चिठ्ठी हवी होती, इतकी की तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. पण कुणीतरी म्हणालं, "चांगल्यालाच मिळावं," आणि तो हात तिथेच थांबला.

"नको," ती म्हणाली. "कोण चांगलं, कुणाला गरज, हे आज तुम्ही ठरवलंत. पुढच्या महिन्यात कोण ठरवणार? आधी तुम्ही सगळे, मग दोघं तिघं, मग एक हुशार माणूस, मग त्याचा कंटाळा आला म्हणून एक यंत्र. अण्णा, चाक करा."

"डोकं फिरलंय पोरीचं," अण्णा म्हणाले, आणि चिठ्ठी खिशात घातली. जाता जाता ओरडून गेले, "माझ्या सुटीच्या दिवशी भट्टी तुझी. ते तरी घेशील का त्याचीबी चिठ्ठी टाकू?"

ते तिने घेतलं.

*

आता पुढचं सगळं अगदी सरळ तर्काने घडत गेलं.

भिशीतल्यांपैकी ज्यांना पैसे मिळाले, त्यांतले जवळपास निम्मे बुडाले. पण निम्मे तगले. आणि यंत्राने तर त्यांना दहाच्या आत आकडे दिले होते. ज्यांची चिठ्ठी निघाली नव्हती तेही गल्लीच्या आधाराने रेटत राहिले. अण्णांचं पोकळ चाक फिरायला लागलं आणि त्याला एक उसाच्या यंत्रांचा ग्राहक चिकटला. चिपाडाची ताटं करणारे बुडाले, पण त्यांच्या साच्याची युक्ती बॅटरीवाल्यांना उपयोगी पडली. दसऱ्यापर्यंत अशी वेळ आली की बाहेरगावचा खरेदीदार गल्लीच्या तोंडाशी विचारायचा, "तुम्हाला निधीने नाकारलंय ना? मग आत येतो." नकारपत्रं फ्रेम करून भिंतीवर लागली. बँकांनीही बघितलं, की भवितव्यांक बघून आपण जे हाकलले ते दुसरीकडून मोठे होतायत. त्यांनी भवितव्यांक बघणं सोडून दिलं.

गिरिजाची चिठ्ठी मात्र निघत नव्हती. महिन्यामागून महिने गेले, पातेलं हलत राहिलं, नाव दुसऱ्याचंच यायचं. अण्णांच्या भट्टीवर ती सुटीच्या दिवशी ओतायची. ग्राफाइटचा हात फिरवायची ती छायागिरिजाची युक्ती तिने खरोखर करून बघितली आणि भोकं खरोखर कमी झाली. पण जीवाणू वाढवायला नीट तापमानाची खोली लागते. तिच्याकडे होती बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यातली उसनी खोली. तिथलं तापमान आपल्या मनाला येईल तसं वागायचं आणि एक दिवसाआड सगळे जीवाणू मरायचे. मार्च आला. शेडमालकाचा माणूस येऊन दरवाज्याची मापं घेऊन गेला.

एकतीस मार्चला सकाळी यास्मिनचा फोन आला. "ये. आत्ता. यंत्र उत्तर देत नाहीये."

छायागृहात आयुक्त गावित उभ्या होत्या. पडद्यावर एका कुठल्यातरी उद्योगाचा आकडा चार दाखवत होता, मग एक्क्याऐंशी, मग चार, मग एक्क्याऐंशी.

"बिघाड आहे का?" गावितांनी विचारलं. तिसऱ्यांदा असावं, कारण यास्मिन वैतागलेली दिसली.

"नाही, मॅडम. यंत्र ठणठणीत आहे. बाहेरचं जग बदललं." तिने गिरिजाकडे बघितलं. "या नव्या अर्जाला यंत्र म्हणतं, 'हा बुडेल.' म्हणजे नकार. नकार मिळाला की तो तुझ्या भिशीत येणार, गल्ली त्याचं काम करून देणार, ग्राहक दाराशी येणार. तो जगतो. म्हणजे 'बुडेल' हे चूक. मग यंत्र दुरुस्ती करतं, 'हा जगेल.' म्हणजे मंजुरी. मंजुरी मिळाली की त्याला भिशीत जागा नाही, आमच्या अटीमुळे शेडबाहेर काही नेता येत नाही, म्हणून गल्लीही नाही. पूर्वी बँका आणि ऑर्डरी आपोआप यायच्या, आता आमचा आकडा कुणी बघत नाही. नुसतं भांडवल घेऊन तो एकटा बसतो आणि बुडतो. म्हणजे 'जगेल' हेही चूक."

"मग बरोबर उत्तर कुठलं?" गावितांनी विचारलं.

"कुठलंच नाही. पूर्वी दोन होती. आता एकही नाही. कितीही मोठं यंत्र आणलं तरी असणार नाही."

गावित खुर्चीवर बसल्या. वर्षभरात पहिल्यांदा त्या थकलेल्या दिसल्या. "आज वर्षाचा शेवट. जिल्ह्याच्या वाट्याचं भांडवल संध्याकाळपर्यंत दिलं नाही तर परत जाईल. नियम असा की यंत्राने निकाल दिला नाही, तर आयुक्तांनी पद्धत ठरवायची." त्यांनी गिरिजाकडे बघितलं. "तुमची वाळू मी पाहिलीय, इंगवले. मागच्या महिन्यात, माळग्यांच्या भट्टीवर. कुणाला न सांगता गेले होते. ती चालेल. तुम्हाला आज एक खोली हवी आहे आणि मला आज एक सही करायची आहे. करून टाकते. माझ्या जबाबदारीवर."

गिरिजाला ती खोली दिसली. पांढऱ्या फरश्या, एकसारखं तापमान, रांगेत मांडलेले साचे. मापं घेणारा माणूस टेप गुंडाळून परत जातानाही दिसला.

"आणि उद्या तुमचा फोन वाजला तर, मॅडम?" ती म्हणाली. "तुम्ही एकीला तुमच्या मनाने दिलंत म्हटल्यावर वाजणारच. तेव्हा काय सांगाल? इंगवल्यांची गोष्ट वेगळी होती?"

गावितांनी टेबलावरच्या फोनकडे बघितलं.

"म्हैस आहे की नाही एवढं बघा," गिरिजा म्हणाली. "शेड खरी आहे, माणूस खरा आहे, तो जे म्हणतो ते खरोखर करतोय, एवढंच. ते डोळ्यांनी दिसतं, त्याला भविष्य लागत नाही. जे खरे निघतील त्या सगळ्यांची नावं टाका आणि चिठ्ठी काढा. ती शेडबाहेर न न्यायची अट फाडा. चिठ्ठीला कुणी फोन करू शकत नाही."

"सरकारी पैसा चिठ्ठीवर?"

"नऊ वर्षं आरंभअंदाजाच्या धक्क्यावरच वाटलात. फक्त धक्का कुठे द्यायचा ते जुन्या उद्योगांना विचारून."

यास्मिन हसली आणि लगेच खोकल्यासारखं केलं.

दुपारभर तपासणी झाली. म्हशी नसलेली दोन दूधशीतगृहं याही वेळी निघाली. ती गळली. उरलेली नावं, त्यांत गिरिजाचंही, यास्मिनने स्वतःच्या हाताने लिहून घड्या घातल्या, आणि चहाची किटली रिकामी करून पुसून तिच्यात टाकल्या. गावितांनी डोळे मिटून हात घातला. पहिलं नाव एका दवाखान्याच्या उपकरणांवाल्याचं. दुसरं बॅटरीवाल्यांचं. तिसरं, चौथं. प्रत्येक घडी उलगडताना गिरिजा श्वास धरायची आणि सोडायची. शेवटच्या एका नावापुरतं भांडवल उरलं.

गावितांनी घडी उलगडली. वाचली. परत वाचली.

"शिरोळचा महिला गट," त्या म्हणाल्या. "पापड वाळत आले की ओळखून ते स्वतःहून उलटणारी चटई."

गिरिजाने एकदा खिडकीबाहेर बघितलं. उन्हं उतरली होती. शेडमालकाचा माणूस एव्हाना आला असेल. सामान अण्णांकडे ठेवता येईल. भट्टी सुटीच्या दिवशी आहेच. भिशी पाच तारखेला.

गावितांच्या हातात पेन होतं, पण ते कागदावर टेकत नव्हतं. "तुमची वाळू सोडून हे? इंगवले, खरं सांगते, ही चटई चालणार नाही असं मला वाटतं."

"मलाही तसंच वाटतंय, मॅडम," गिरिजा म्हणाली. "सही करा."